अनेक वर्षांनी मिनिएचर वॉरगेमिंगकडे परतताना: जुन्या डब्यापासून पहिल्या खेळापर्यंत

वर्षानुवर्षं बंद राहिलेला मिनिएचरांचा (टेबलावरच्या युद्धखेळात लढवायच्या छोट्या मॉडेलांचा) डबा बाहेर काढला की पहिली ऊर्मी येते ती नवीन सैन्य विकत घेण्याची. ती थोडी आवरा. जुनी मॉडेलं जवळजवळ सगळी वाचवता येतात आणि रंगांपैकीही बरेच जिवंत निघतात. खरोखर कालबाह्य झालेले असतात ते नियम, गोंद आणि काही सवयी. म्हणून आधी डब्याची नीट छाननी करा, मग फक्त पाच मॉडेलांची एक तुकडी पूर्ण रंगवा आणि त्याच तुकडीने एक छोटा खेळ खेळा. खरेदीची यादी त्यानंतर करा. तोवर आपल्याला नेमकं काय लागतं हे हाताला कळलेलं असतं, आणि यादी निम्म्याने कमी होते.

छाननी

रंगांची बाटली उघडल्यावर वर पारदर्शक पाणी आणि तळाशी घट्ट थर दिसला तर घाबरू नका, तो रंग मेलेला नाही. टूथपिकने तळ खरवडून ढवळा, शुद्ध केलेल्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाका, ४-५ मिमीची स्टेनलेस स्टीलची किंवा काचेची गोळी आत सोडा आणि मिनिटभर जोरात हलवा. साध्या लोखंडी गोळ्या गंजतात आणि पांढऱ्या-पिवळ्या रंगांचा सत्यानाश करतात. रात्रभर ठेवून पुन्हा हलवा, प्लास्टिकच्या टाकाऊ तुकड्यावर एक हात मारा आणि दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून बघा. थर टिकला तर रंग वापरा. बाटलीत रबरासारखे गोळे झाले असतील तर मात्र पाणी घालून काहीही होणार नाही. ॲक्रिलिकचं बंधक द्रव्य एकदा जमलं की परत विरघळत नाही. कुजका वास येत असेल तर त्यात बुरशी आहे; बाटली फेकून द्या.

सिटाडेल या मिनिएचरांच्या रंगांच्या मालिकेतले रंग शोधताना आणखी एक घोटाळा होतो. २०१२ मध्ये त्या मालिकेतली नावं सरसकट बदलली, त्यामुळे जुन्या नावाने दुकानात काही सापडत नाही. नेहमी लागणाऱ्या काही जोड्या अशा: केऑस ब्लॅकच्या जागी ॲबॅडन ब्लॅक, स्कल व्हाइटच्या जागी व्हाइट स्कार, गॉब्लिन ग्रीनच्या जागी वॉरबॉस ग्रीन, ब्लड रेडच्या जागी एव्हिल सन्झ स्कार्लेट, बोल्टगन मेटलच्या जागी लेडबेल्चर, ब्लीच्ड बोनच्या जागी उशाब्ती बोन. बडाब ब्लॅक वॉशची (खाचांत साठून सावली देणाऱ्या पातळ रंगाची) जागा नल्न ऑइलने घेतली आणि डेव्हलन मडची ॲग्रॅक्स अर्थशेडने. या जोड्या जवळच्या आहेत, तंतोतंत नाहीत. वॉशची मालिका तर २०२२ मध्ये पुन्हा नव्याने बनवली गेली. त्यामुळे अर्धवट रंगवलेली जुनी तुकडी नव्या बाटलीने हुबेहूब जुळवायचा हट्ट धरू नका.

उघडलेला सुपरग्लू सरळ टाका. प्लास्टिक सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) पातळ वाहत असेल तर चालतं. स्प्रेचा डबा जुना असेल तर आधी पुठ्ठ्यावर फवारा. दाब कमी झालेला डबा बारीक धुक्याऐवजी थेंब उडवतो आणि तो प्रयोग मॉडेलवर करायचा नसतो. ग्रीन स्टफची (मळून वापरायच्या पुट्टीची) निळी-पिवळी पट्टी सापडली तर दोन्ही रंग जिथे एकमेकांना चिकटलेले असतात, तिथली २-३ मिमीची मधली चीर कापून काढा. तिथे पुट्टी आधीच कडक झालेली असते, आणि मळल्यावर तीच बारीक खड्यांसारखी हाताला लागते. उरलेली पुट्टी बहुधा छान मळली जाते.

धातूच्या जुन्या मॉडेलांकडे जरा गांभीर्याने बघा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या अनेक मिनिएचरांमध्ये शिसं असायचं. त्यांना कानस किंवा पॉलिश पेपर लावायचा असेल तर पाणी लावून घासा, म्हणजे धूळ हवेत उडत नाही. नंतर हात साबणाने धुवा, आणि हे काम जेवणाच्या टेबलावर करू नका. अशा मॉडेलवर पांढरट-राखाडी भुकटी दिसली तर ती धूळ समजून फुंकू नका. शिसं ॲसिटिक आम्लाच्या वाफेने असं खराब होतं, आणि ती वाफ ओकसारख्या लाकडाच्या बंद कपाटात साठते. हातमोजे घालून ओल्या कापडाने भुकटी टिपा आणि मॉडेलं प्लास्टिकच्या किंवा काचेच्या, हवा खेळती असलेल्या जागी हलवा.

जुना रंग उतरवायचा का?

प्रत्येक मॉडेलचा रंग उतरवायची गरज नसते. थर पातळ असेल, बारकावे दिसत असतील तर त्यावरच प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) मारा. बोटांच्या मधल्या फटी आणि साखळ्यांच्या कड्या रंगाने बुजल्या असतील तेव्हाच उतरवा.

प्लास्टिक आणि धातू दोन्हींसाठी ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल हा सर्वांत सोपा मार्ग. झाकणाच्या काचेच्या बरणीत मॉडेल बुडवा, अर्ध्या तासाने बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासा, राहिलेल्या रंगासाठी पुन्हा बुडवा. नायट्राइलचे हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. ॲसिटोन फक्त धातूला चालतं आणि तेही प्लास्टिकचा बेस (मॉडेलखालची बैठक) काढून टाकल्यावरच. पॉलिस्टायरीन त्यात वितळतं. रेझिनचा भरवसा नाही, काही रेझिन अल्कोहोलमध्ये मऊ पडतात. म्हणून आधी न दिसणारा भाग दहा मिनिटं बुडवून तपासा.

डेटॉलसारखं जंतुनाशक वापरणारेही बरेच आहेत. ते काम करतं, पण त्यात भिजलेलं मॉडेल थेट नळाखाली धरलं की सुटलेला रंग चिकट राळेसारखा होऊन पुन्हा फटींत बसतो. आधी त्याच द्रवात ब्रशने घासून रंग पूर्ण काढा आणि मगच साबणाच्या पाण्याने धुवा.

सुपरग्लूने जोडलेलं धातूचं मॉडेल सुटं करायचं असेल तर दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीत सुपरग्लू ठिसूळ होतो आणि हलक्या पिळाने जोड तुटतो. प्लास्टिक सिमेंटच्या जोडावर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे प्लास्टिकच एकमेकांत विरघळून एक झालेलं असतं. तिथे बारीक करवतच घ्यावी लागते. प्लास्टिकचे किंवा रेझिनचे वाकडे झालेले भाले आणि तलवारी गरम पाण्यात वीस-तीस सेकंद धरा, सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा.

नियम आणि बेस

जुनी नियमपुस्तकं आठवण म्हणून ठेवा, पण त्यांच्या आधारे सैन्य आखू नका. वॉरहॅमर ४०,००० या विज्ञानकथेतल्या युद्धखेळाची आठवी आवृत्ती २०१७ मध्ये, नववी २०२० मध्ये आणि दहावी २०२३ मध्ये आली. आठव्या आवृत्तीने सगळ्या मॉडेलांचे (वेग, ताकद यांसारखे) आकडे मुळापासून नव्याने मांडले, म्हणून २०१७ पूर्वीचं कुठलंही कोडेक्स (एकेका सैन्याचं नियमपुस्तक) आजच्या खेळात चालत नाही. बंद पडलेल्या अनेक मॉडेलांसाठी ‘लेजंड्स’ नावाने मोफत नियम मिळतात. मित्रांमधल्या खेळाला ते पुरेसे आहेत, स्पर्धेत मात्र ते धरून चालू नका.

वॉरहॅमर फँटसी हा तलवार-जादूच्या जगातला जुना खेळ ज्यांनी सोडला त्यांच्यासाठी दोन रस्ते आहेत. २०१५ मध्ये त्या खेळाच्या जागी गोल बेसवरचा एज ऑफ सिग्मार आला आणि जानेवारी २०२४ मध्ये चौकोनी बेससह तो ओल्ड वर्ल्ड या नावाने परत आला. पण ओल्ड वर्ल्डमध्ये बेस वाढले आहेत: पूर्वीच्या २० मिमीच्या पायदळाला आता बहुधा २५ मिमी लागतो, २५ मिमीच्या ऑर्कना ३० मिमी. जुने बेस उपटत बसू नका. योग्य अंतराच्या खाचा असलेले ट्रे मिळतात. त्यात जुनी मॉडेलं तशीच बसतात. वॉरहॅमर ४०,००० मधले स्पेस मरीन सैनिक २५ मिमीवरून ३२ मिमीवर गेले, त्यांच्यासाठी बेसभोवती चिकटवायच्या कड्या मिळतात. कडीचा जोड पुट्टीने भरून वर वाळू टाकली की कळतही नाही.

नवी मॉडेलं जुन्यांपेक्षा उंच आहेत. जुना सैनिक नव्याशेजारी खुजा दिसत असेल तर त्याच्या पायाखाली २-३ मिमी जाडीचा बुचाचा तुकडा चिकटवा. खडकावर उभा असल्यासारखा दिसतो. दोन पिढ्यांची मॉडेलं एका सैन्याची वाटावीत यासाठी सर्वांत जास्त उपयोग होतो तो बेसचा. मातीचा रंग, गवत आणि बेसच्या कडेचा रंग सगळ्यांना एकच द्या. चिलखताच्या छटेतला फरक त्यापुढे कुणाच्या लक्षात येत नाही.

टेबल, उजेड, डोळे

सोडलं तेव्हा दिसत होतं ते आता दिसत नाही, ही तक्रार परतणाऱ्या अनेकांची असते, आणि ती हाताची नसते, डोळ्यांची असते. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर रंगवताना तो लावाच. भिंग घ्यायचं तर डोक्याला लावायचं, दीडपट ते दुप्पट मोठं दाखवणारं घ्या. भिंग जितकं ताकदवान तितकं मॉडेल डोळ्यांच्या जवळ धरावं लागतं, आणि मग ब्रशचं टोक काचेला आपटतं. दिवे दोन हवेत, डावीकडून आणि उजवीकडून, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. ५०००-६५०० केल्व्हिनचा, ९० किंवा जास्त सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) एलईडी घ्या. पिवळ्या उजेडात मिसळलेला त्वचेचा रंग दिवसा बघितला की हिरवट निघतो.

ब्रशच्या बाबतीत एक गैरसमज फार चिवट आहे: बारीक कामाला सर्वांत बारीक ब्रश. तीन शून्यांच्या ब्रशमध्ये रंग मावतच नाही. तो टोकावर सुकतो आणि डोळ्याची बाहुली काढण्याआधी ब्रश कोरडा पडतो. कोलिन्स्की सेबलच्या नैसर्गिक केसांचा १ किंवा २ नंबरचा, पोट भरलेला आणि टोक धारदार असलेला एक ब्रश घ्या. रंग धातूच्या पट्टीपर्यंत चढू देऊ नका, गार पाण्यात धुवा, साबण लावून टोक बोटांनी जुळवून ठेवा. धातूचे रंग, वॉश आणि ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग घासणं) यांसाठी वेगळे, स्वस्त कृत्रिम केसांचे ब्रश ठेवा. ड्रायब्रशला मेकअपचा गोल, मऊ ब्रश उत्तम.

ओली पॅलेट आता जवळजवळ सगळे वापरतात आणि ती घरीच बनते. घट्ट झाकणाचा सपाट डबा, तळाला पाण्याने भिजवलेला पातळ स्पंज किंवा टिश्यूच्या चार-पाच घड्या, त्यावर बेकिंगचा पार्चमेंट कागद. मेणकागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. कागदावर पाण्याची तळी दिसत असतील तर स्पंज पिळा, नाहीतर रंग आपोआप पातळ होऊन पसरतो. झाकण लावून ठेवलेला रंग दुसऱ्या दिवशीही वापरता येतो. धातूचे रंग मात्र त्यावर काढू नका. चमचमणारे कण पाण्याबरोबर सगळीकडे पोचतात.

पाच मॉडेलं

साधे पायदळाचे शिपाई घ्या. सेनापती, ड्रॅगन आणि रणगाडे नंतर. मॉडेलवर राहिलेली साच्याच्या जोडाची रेघ सुरीच्या पात्याच्या उलट्या बाजूने, पातं काटकोनात धरून खरवडा. धारेने कापायला गेलात तर सपाट खड्डा पडतो. प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट, धातूला आणि रेझिनला सुपरग्लू. धातूचा जड हात नुसत्या गोंदावर राहत नाही. १ मिमीच्या हातड्रिलने दोन्ही बाजूंना ३-४ मिमी खोल भोक पाडून तारेची पिन घाला. रेझिन आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेल राहिलं की प्रायमर सालीसारखा निघतो. रेझिन घासताना मास्क घाला.

प्रायमर. डबा दोन मिनिटं हलवा, मॉडेलपासून २०-२५ सेंमीवर धरा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच संपवा, हात सतत फिरता ठेवा. दोन हलके हात पुरतात. पृष्ठभाग खरखरीत, धुळीसारखा झाला तर फवारा लांबून गेला किंवा हवा फार गरम होती, म्हणजे रंग वाटेतच सुकला. बारकावे बुजले तर जवळून किंवा जास्त मारला. दमट दिवशी स्प्रे नकोच; ब्रशने लावायचा प्रायमर घ्या आणि एक दिवस सुकू द्या.

इथून पुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट जलद आहे, आणि जुन्या काळी ती नव्हती. सिटाडेलचे कॉन्ट्रास्ट रंग २०१९ मध्ये आले. हे रंग उंचवट्यावर फिके राहतात आणि खाचांत साठून आपोआप सावली देतात. आर्मी पेंटरचे स्पीडपेंट त्याच जातीचे. त्यांची २०२२ ची पहिली आवृत्ती सुकल्यावरही ओल्या ब्रशने पुन्हा विरघळायची, २०२३ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत तो दोष काढला. काळा प्रायमर, त्यावर मध्यम करड्या रंगाचा भरपूर ड्रायब्रश, मग फक्त वरच्या बाजूने पांढऱ्याचा हलका ड्रायब्रश, आणि त्यावर हे रंग एकाच थरात. ब्रश भरून लावा, साठलेला जादा रंग लगेच उचला, आणि मग हात लावू नका. अर्धवट सुकलेल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवला की चट्टे पडतात आणि ते निघत नाहीत. कापड, लोकर, चामडं, त्वचा यांवर ही पद्धत सुंदर दिसते. मोठ्या सपाट चिलखतावर ती फसते.

सपाट चिलखतासाठी जुनी वाटच बरी. लाल खांद्याचं उदाहरण घेऊ. काळ्या प्रायमरवर मेफिस्टन रेड, पातळ दुधाइतका सैल करून, दोन थर. पहिला थर डागाळ दिसतो, तो दिसू द्या. तिथेच जाडसर रंग मारायचा मोह होतो आणि ब्रशच्या रेघा कायमच्या राहतात. पूर्ण सुकल्यावर ॲग्रॅक्स अर्थशेड सगळीकडे न ओतता फक्त खाचांत आणि खिळ्यांभोवती ब्रशच्या टोकाने सोडा. सपाट भागावर थेंब साठला तर ओला असतानाच स्वच्छ ब्रशने टिपा, नाहीतर कडेला पाण्याच्या डागासारखं वर्तुळ उमटतं. मग मेफिस्टन रेडनेच मधला भाग पुन्हा स्वच्छ करा, खाचा सोडून. आता कड. एव्हिल सन्झ स्कार्लेट घ्या, ब्रश टिश्यूवर एकदा टेकवा आणि टोकाने रेघ ओढण्याऐवजी ब्रशची कूस कडेवर ४५ अंशांत टेकवून सरकवा. कड स्वतःच रंग उचलते आणि रेघ सरळ येते. शेवटी वाइल्ड रायडर रेडचे ठिपके फक्त कोपऱ्यांवर, जिथे दोन कडा भेटतात. रेघ जाड झाली तर पुसत बसू नका, खालच्या बाजूने मूळ लाल रंगाने ती कापून बारीक करा.

पाचही मॉडेलं एकाच वेळी पुढे न्या: पाचांची त्वचा, मग पाचांचं चामडं. पाचवं होईपर्यंत पहिलं सुकलेलं असतं. दहा-वीसचा घाणा मात्र घेऊ नका, तिसऱ्या रंगाला कंटाळा येतो आणि डबा पुन्हा बंद होतो.

बेसवर पीव्हीए (फेव्हिकॉलसारखा पांढरा) गोंद आणि वाळू. सुकल्यावर निम्मं पाणी घातलेला पीव्हीए वरून एकदा सोडा, म्हणजे ड्रायब्रश करताना वाळू झडत नाही. गडद तपकिरी, मग फिक्या मातकट रंगाचा ड्रायब्रश, गवताचे दोन झुपके, कड काळी.

जुनी डेकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चित्रं) पिवळी पडली असतील तर कोरडीच खिडकीच्या काचेला आतून, चित्राची बाजू बाहेर करून, काही दिवस उन्हात चिकटवा; पिवळेपणा उतरतो. वापरण्याआधी त्यांच्यावर ग्लॉस वॉर्निशचा पातळ थर द्या, नाहीतर पाण्यात टाकल्यावर तुकडे होतात.

खेळायच्या मॉडेलांना वॉर्निश हवंच, धातूच्या मॉडेलांना तर आधी ग्लॉस आणि मग मॅट. मॅट वॉर्निश दमट हवेत फवारलं किंवा डबा नीट हलवला नाही तर पांढरं दवासारखं पटल येतं. ते आलं तर कोरड्या दिवशी ग्लॉसचा एक थर द्या. बहुतेक वेळा पटल गायब होतं. मग पुन्हा मॅट.

पहिला खेळ

२००० गुणांच्या (गुण म्हणजे सैन्याच्या आकाराचं माप) लढाईने सुरुवात करू नका. किल टीम या छोट्या तुकड्यांच्या खेळाला २२ बाय ३० इंचांचा पट पुरतो, वॉरहॅमर ४०,००० च्या कॉम्बॅट पेट्रोल या छोट्या प्रकाराला ४४ बाय ३०. वन पेज रूल्स या खेळांचे मूळ नियम मोफत आहेत, कुठल्याही कंपनीची मॉडेलं चालतात आणि बेसच्या आकारावर कुणी अडून बसत नाही. जुन्या संग्रहासाठी पहिला खेळ म्हणून हाच आमचा कौल. पहिल्या खेपेला प्रत्येकी पाच ते दहा मॉडेलं, इंचाची टेप, सहा-बाजूंचे डझनभर फासे, आणि नजर अडवण्याइतके उंच निदान सहा अडथळे ठेवा. पुस्तकांचे ढीग आणि खोकी चालतात. अडथळे कमी ठेवले तर लांबून गोळीबार करणारी बाजू दुसऱ्याच फेरीत जिंकते आणि नियम वाईट असल्याचा गैरसमज होतो.

ने-आणीसाठी प्रत्येक बेसखाली ५ बाय १ मिमीचं निओडिमियम चुंबक बसवा आणि डब्याच्या तळाला पातळ लोखंडी पत्रा चिकटवा. धातूच्या जड मॉडेलला दोन चुंबकं लागतात. बदलायची शस्त्रं चुंबकावर बसवणार असाल तर गोंद लावण्याआधी प्रत्येक चुंबकाच्या वरच्या बाजूला मार्करने खूण करा, कारण एकाची बाजू उलटी बसली की बंदूक हाताला चिकटण्याऐवजी दूर ढकलली जाते आणि ते चुंबक पोखरूनच काढावं लागतं.